कानात सांगितलेला सिनेमा

इटालियन भाषा मी शिकलो ती हौसेपोटी नव्हे, मशीनपोटी. आमच्या कंपनीने गिअर कापायची दोन अवजड मशिनं तूरिनजवळच्या एका कारखान्यातून विकत घेतली आणि ती चालवायला शिकून ये म्हणून २००२ साली मला आठ महिने तिकडे धाडलं. तिथले कामगार इंग्रजीचं नाव काढलं की सरळ हात वर करत. मग त्यांच्या शेजारी बसून जेवता जेवता, शिव्यांपासून सुरुवात करून मी ती भाषा उचलली. ती माझ्या डोक्यात थेट मराठीत उतरायची. मध्ये इंग्रजीला जागाच नव्हती.

हे कौतुक सांगायचं कारण एवढंच, की याच एका गुणामुळे पुढचं सगळं घडलं. नाहीतर मी मिरजेचा एक चिडका इंजिनिअर. अण्णा नगरात दोन पुणेकरांसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, सकाळी कंपनीच्या बसने आवडी नावाच्या उपनगराकडच्या रस्त्यावरल्या कारखान्यात जाणारा, चेन्नईत दोन वर्षं काढून तमिळमध्ये ‘इल्लै’, म्हणजे ‘नाही’, याच्या पुढे फारसा न सरकलेला. माझ्या वाटेला कोण कशाला जातंय.

२००३च्या नोव्हेंबरात मला एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “नमस्कार. मी सेतुमाधव राव बोलतों. तुम्हांस इटलीची भाषा येते म्हणून ऐकलों. आम्हांस तुमच्याकडून एक उपकार व्हावा.”

मला वाटलं, फ्लॅटमधला कुणीतरी बखर वाचून माझी खेचतोय. मी “कोण बे?” असंच विचारलं. त्यावर तो माणूस न रागावता म्हणाला, की आम्ही तंजावरकडचे, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, आमचं बोलणं हें असंच. मला भयंकर लाज वाटली. ती लाज वाटली नसती तर मी कदाचित नाहीच म्हणालो असतो.

सेतुमाधव एन्नोरच्या वीजकेंद्राच्या कचेरीत कारकून होता. वय तेहेतीस-चौतीस, जाड भिंगांचा चष्मा, आणि तो दर पाच मिनिटांनी काढून शर्टाच्या टोकाला पुसायची सवय. तिकडे कोळशाची राख सारखी चष्म्यावर बसते म्हणे. रविवारी राख नसायची, तरी पुसणं चालूच. त्याने जुनं सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर घेऊन अण्णा नगरातल्या एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर सिनेमाची मंडळी चालवली होती. साठ-सत्तर सभासद, बहुतेक निवृत्त, बायकांना घेऊन येणारे. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहाला परदेशी सिनेमा आणि मध्यंतरात कॉफी.

यावेळी कुठूनतरी एक जुना इटालियन विनोदी सिनेमा मिळाला होता, एका सौंदर्यस्पर्धेवरचा. सभासदांना पोस्टकार्डं गेली. मग रिळं आली आणि कळलं, की ही प्रत इंग्रजी अक्षरांशिवायचीच आहे. नुसतं इटालियन, तेही धबधब्यासारखं. खेळ चौथ्या रविवारी. त्याआधी हातात तीन रविवार.

“सौंदर्यस्पर्धा म्हटल्यावर तुमचे म्हातारे भाषा कशाला बघतील?” मी म्हटलं.

“म्हातारे नाही बघणार,” सेतुमाधव म्हणाला. “म्हाताऱ्या बघतील. आधीच दोघीजणी विचारून गेल्या, कुटुंबासोबत बघण्याजोगा आहे कीं नाही. मी सांगितलों, त्या काळचे पोहण्याचे कपडे आतांच्या झग्याहून मोठे.”

त्याने युक्ती अशी काढली होती: पडद्याच्या बाजूला दोन खुर्च्या. एकीवर मी. पात्रं बोलतील ते मी हळू आवाजात मराठीत सांगायचं. दुसऱ्या खुर्चीवर त्याची भाची. तिने ते ऐकून लगेच माइकवर तमिळमध्ये म्हणायचं. मी इंग्रजीतून सांगायला गेलो तर दोन वाक्यं मागे पडायचो, हे आम्ही पहिल्याच दहा मिनिटांत करून पाहिलं होतं. मराठीतून मात्र गाडी धावली.

भाची म्हणजे रम्या. तेवीस वर्षांची, एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढून देणारी. आवडी उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये आई-वडिलांसोबत राहायची. वडील बालाजीराव तिथल्या कारखान्यात, आई भवानी. सेतुमाधव भवानीबाईंचा धाकटा भाऊ. आई-बाप लवकर गेल्यामुळे तोही लहानपणापासून बहिणीकडेच वाढलेला. रविवारी सकाळी मामा-भाची लोकलने यायची, मामाच्या हातात रिळांचे डबे, भाचीच्या हातात जेवणाचा. सभासद त्याला मामा म्हणायचे, कारण ती म्हणायची. मीही म्हणू लागलो.

माइकमध्ये माझा आवाज जाऊ नये म्हणून मला तिच्या अगदी कानाशी बोलावं लागे. त्यामुळे पहिल्या रविवारी मी तिचा चेहरा धड पाहिलाच नाही. पाहिला तो डावा कान. त्यात लाल खड्याची बारीक कुडी होती आणि हसू दाबलं की ती हलायची. समोर पडद्यावर अकरा मुली स्पर्धेला उभ्या होत्या, सगळ्या एकीपेक्षा एक. मला परीक्षक नेमलं असतं तर मी त्या अकराजणींना घरी पाठवलं असतं.

सिनेमा तसा साधा होता. समुद्राकाठचं छोटं गाव, मासळीच्या जत्रेत सौंदर्यस्पर्धा ठरते. परीक्षक तीन: नगराध्यक्ष, औषधवाला आणि बोटांच्या फटीतून सगळं नीट बघणारा पाद्री. औषधवाल्याची बायको नवऱ्यावर विश्वास नसल्याने मोजमापाची टेप स्वतः धरते. नेरीना नावाची इस्त्रीवाली पोर. तिला न विचारताच तिचं नाव स्पर्धेत घातलेलं, तिच्या आत्याने. आणि शहरातून फोटो काढायला आलेला उगो, बावळट, प्रेमात पडलेला. तो प्रत्येकीचा एक फोटो काढतो आणि नेरीनाचे चाळीस.

शेवटच्या रिळात नेरीना जिंकते. पुठ्ठ्याचा मुकुट मोठा होतो आणि घसरून नाकावर येतो. ती तो वर सारते आणि माइकपाशी जाऊन म्हणते, “तुम्ही सगळ्यांनी मिळून मला निवडलंत. पण मला कुणी काही विचारलंत का?” मग मुकुट एका बकरीच्या शिंगांत अडकवून उगोच्या स्कूटरवर बसते आणि निघून जाते. सगळं गाव मागे धावतं.

पहिल्या तालमीत मी हे वाक्य रम्याच्या कानात म्हटलं आणि ती थांबली. मामाने मागून विचारलं, “काय झालं?”

“पुन्हा दाखव मामा,” ती म्हणाली. “मज नीट ऐकायचं आहे.”

मामाने रीळ मागे घेतलं. दुसऱ्या वेळी तिने ते तमिळमध्ये म्हटलं. लांबलचक, छान घोळवून. वाक्य संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, “गंधारराव, ही पोरगी धीराची आहे हो.” माझं नाव त्यापूर्वी असं कुणी घेतलं नव्हतं. मिरजेत मला गंध्या म्हणत.

दुसऱ्या रविवारपर्यंत माझा निकाल लागला होता. आठवडाभर मशीनसमोर उभा राहून मी मनातल्या मनात रविवारची वाक्यं जुळवत होतो, कोणता शब्द तिला आवडेल, कशाने कुडी हलेल. तालीम मध्येच थांबवून ती मला विचारायची, “तुमच्याकडे ह्याला असं म्हणतात होय?” आणि मग तिच्याकडे काय म्हणतात ते सांगायची. ‘सगळं’ला ‘अस्की’, ‘लवकर’ला ‘बेगीन’. मी चेष्टा केली की तीही माझी करायची, की तुमची मराठी वर्तमानपत्रासारखी सपाट. डब्यातलं अर्धं माझ्यासाठी वेगळं बांधून आणू लागली. एकदा मी खोकलो तर पुढच्या रविवारी मिऱ्याचा रस्सा आणला. सांगा, माणसाने काय समजायचं?

मी समजलो ते बरोबरच होतं, हे आता माहीत आहे. चुकलो ते त्यानंतर.

एक गोष्ट मी दर रविवारी पाहत होतो. मामा चष्मा पुसायला लागला, की रम्या जाता जाता तो त्याच्या हातातून घ्यायची, स्वतःच्या ओढणीला नीट पुसायची आणि त्याच्या नाकावर ठेवून पुढे जायची. मला ते पाहून भरून यायचं. केवढं प्रेम मामा-भाचीचं, असं वाटायचं. आणि हाच माणूस आपलं काम करील, हेही. आमच्याकडे मामाशिवाय मुलीचं लग्न हलत नाही. मामा तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो, मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा राहतो. आई-वडिलांशी जे बोलता येत नाही ते मामाच्या कानावर घालतात. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न असंच आमच्या मामाने जुळवलं होतं.

तिसऱ्या रविवारी तालीम संपल्यावर रम्या मैत्रिणीकडे गेली. मी आणि मामाने प्रोजेक्टरची पेटी दोन्ही बाजूंनी धरून जिन्यावरून खाली आणली आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायला थांबलो. दुपारचा एक वाजला असेल. मी पेल्यातली कॉफी वाटीत खालीवर करत सगळं सांगून टाकलं. की मला रम्या आवडते. की मी मनापासून बोलतोय. की माझ्या घरी जातीपातीचं काही नाही, तुमच्या घरचं तुम्ही बघा.

मामाने चष्मा काढला. “तिला बोललांत?”

“छे. आधी तुम्हाला.”

“मज आधी कां?”

“तुम्ही मामा ना,” मी म्हटलं. मला प्रश्नच मजेदार वाटला. “तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? उद्या तुम्हीच तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणणार.”

तो शर्टाच्या टोकाने भिंगं पुसत राहिला. पुसून झाल्यावर उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा पुसली. त्याची कॉफी तशीच राहिली होती, वर साय धरली होती.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “तिला विचारतों. विचारलं पाहिजे. हें खरंच आहे, तिला विचारलं पाहिजे.”

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्या दुपारी मी अण्णा नगरच्या त्या सरळसोट रस्त्यांवरून उगाच दोन तास चालत होतो. एवढा खूश मी तूरिनहून घरी परत येतानाही नव्हतो.

आठवड्यात फोन आला नाही. मी स्वतःला समजावलं, की अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत.

चौथ्या रविवारी सभागृह भरून गेलं होतं. ज्यांनी कुटुंबाची चौकशी केली होती त्या दोघीजणी पहिल्या रांगेत. बालाजीराव आणि भवानीबाईही आवडीहून आले होते. रम्याने मोरपंखी साडी नेसली होती. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली, हसली नाही. मला वाटलं, माइकची धास्ती. मामा पेटीमागे रिळं लावण्यात गढलेला होता.

दिवे गेले. पहिली दोन रिळं अशी रंगली की काय सांगू. टेप धरणारी औषधवाल्याची बायको आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. मी कानात बोलत होतो, रम्या बोलत होती, आणि तिच्या आवाजावर सत्तर माणसं एकदम हसत होती. माझं मराठी त्या सगळ्यांच्या पोटात तमिळ होऊन उतरत होतं. फक्त कुडी हलत नव्हती. ते मी पाहिलं, पण खेळाच्या भरात सोडून दिलं.

मध्यंतराला दिवे लागले. भवानीबाई एक मोठा डबा घेऊन रांगारांगांतून फिरत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “घ्या गंधारराव, दोन घ्या. तुमच्यामुळें आजचा खेळ झाला.” डब्यात म्हैसूरपाक होता.

“कसला आनंद?” मी विचारलं.

“परवा मुहूर्त धरला हो. तय मासांत, जानेवारीच्या अखेरीस.”

“कुणाचा?”

“कोणाचा म्हणजे? सेतूचा नि रम्याचा.”

मी खुळ्यासारखा म्हणालो, “सेतू म्हणजे?”

“माझा भाऊ,” त्या हसल्या. “असे किती सेतू ठाऊक आहेत तुम्हांस? ती अकरा वर्षांची होती तेव्हांपासून ठरलेलं. हाच म्हणत होता, थांबू, थांबू. शुक्रवारीं स्वतः येऊन म्हणाला, अक्का, धरून टाक मुहूर्त.” आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागतं, मामाशी नाही. तो विचारच डोक्यात येत नाही. आणि त्यांच्याकडे ते इतकं सरळ, की त्या सभागृहातल्या एकालाही ते मला सांगायची गरज वाटली नव्हती. दाक्षिणात्य मंडळींत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला एकट्यालाच माहीत नव्हती. आणि माझ्या मनातलं मी ज्याला ते सगळ्यांत जास्त दुखेल त्यालाच, हात दाबून, कॉफीबरोबर ऐकवलं होतं. ‘तुम्हीच तिचा हात धरून आणाल.’ हे मी म्हणालो होतो. दुसरा म्हैसूरपाक मी रुमालात बांधून खिशात घातला.

दिवे पुन्हा गेले. मला खुर्चीवर जाऊन बसावंच लागलं. पडद्यावर उगो नेरीनाच्या दारात फुलं घेऊन आला आणि इस्त्रीचं गरम पाणी अंगावर पडून ओरडला. मी ते ओरडणं सांगितलं, ती माइकवर ओरडली, लोक हसले. उगो म्हणाला, मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही. मी ते तिच्या कानात म्हटलं. ती तमिळमध्ये म्हणाली. लोक हसले. कारण उगो तेव्हा बादलीत पाय अडकून पडला होता. असा अर्धा तास. मला हृदय वगैरे शब्द आवडत नाहीत, पण त्या अर्ध्या तासात काहीतरी माझ्या छातीत आतून सोलून निघत होतं आणि सत्तर माणसं हसत होती.

शेवटचं रीळ आलं. मुकुट नाकावर घसरला, नेरीनाने तो वर सारला आणि माइकपाशी गेली. मी म्हटलं, “तुम्ही सगळ्यांनी मिळून मला निवडलंत. पण मला कुणी काही विचारलंत का?”

तालमीत रम्या हे वाक्य लांब घोळवून म्हणायची, आता मात्र पडद्यावर नेरीनाचे ओठ हलायचे थांबले तरी माइक तसाच. मग ती समोर न बघता, माझ्याही बाजूला न बघता, तीनच शब्द बोलली. “नींग सोल्लवे इल्लैये.” कुणी हसलं नाही. तेवढ्यात मुकुट बकरीच्या शिंगांत गेला आणि हशा उसळला.

टाळ्या झाल्या, माणसं निघाली, भवानीबाई आणि बालाजीराव खाली रिक्षा बघायला गेले. खेळ संपला की रिळं उलटी गुंडाळून ठेवावी लागतात, नाहीतर पुढच्याला सिनेमा शेवटापासून दिसायचा. एरवी मामा ते मोटरवर करायचा, चारही रिळं दहा मिनिटांत. त्या दिवशी त्याने हाताचं चक्र काढलं आणि आमच्याकडे पाठ करून एकेक रीळ हाताने फिरवत बसला. त्याने आम्हाला किती वेळ दिला होता ते मला तेव्हाच कळलं होतं.

“मला माहीत नव्हतं,” मी रम्याला म्हटलं. “देवाशपथ, मला माहीत नव्हतं.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मामाने सांगितला. तुमच्याकडे असं नसतं म्हणून.”

“तो बोलला तुझ्याशी?”

“गुरुवारीं. मागच्या दारीं बोलावला. म्हणाला, गंधाररावाला तूं हवीस. तुज तो हवा असेल तर सांग. अक्काला नि भावोजींना मी पाहतों, तुज कोणी बोल लावणार नाही.” ती माइकची वायर बोटाला गुंडाळत होती. “लहानपणापासून मज कोणी कांही विचारलं नाही, गंधारराव. कॉलेज कोणतं, नोकरी कोणती, नवरा कोण. पहिल्यानं कोणी विचारला असेल तर मामानें. आणि विचारताना चष्मा पुसत होता. थांबेचना. शेवटीं मी तो हातातून घेतला. ओलाच होता. मग मी काय सांगूं त्याला?”

मागे चक्राची कुरकुर चालू होती. तिसरं रीळ असावं.

“आणि मी विचारलं असतं तर?” मी म्हटलं.

तिने वायर सोडली, नीट गुंडाळली, माइकच्या खोक्यात ठेवली. “जेवलांत नाही तुम्ही,” ती म्हणाली. “डबा तिथें खिडकींत ठेवला आहे. खाऊन घ्या.” आणि खाली निघून गेली.

पेटी खाली न्यायला दोन माणसं लागतात. मी एक बाजू धरली, मामाने दुसरी. पायरी पायरीने उतरलो. मधल्या वळणावर टेकवून थांबलो तेव्हा तो म्हणाला, “मी तुमचंच नांव आधीं घेतलों. माझं घेतलोंच नाही.”

“ती सांगत होती.”

“मज वाटलं होतं ती हो म्हणेल. तुम्हांला.” त्याने चष्म्याकडे हात नेला, पण दोन्ही हात पेटीला लागत होते. “तुम्ही तिला आधीं विचारायचं होतंत. मज कां सांगितलांत?”

याच प्रश्नाला मी आठ दिवसांपूर्वी हसलो होतो. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. आम्ही पेटी उचलली आणि राहिलेला जिना उतरलो.

लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. त्या आठवड्यात मुद्दाम मशीनची देखभाल काढली.

‘नींग सोल्लवे इल्लैये’ मात्र कानातून जाईना. नेरीनाच्या वाक्याचं तमिळ इतकं आखूड कसं, हे कोडं सुटत नव्हतं. फेब्रुवारीत एकदा हत्यारं घ्यायला स्टोअरमध्ये गेलो होतो. तिथे शशिकला नावाच्या बाई असायच्या, कामाला चोख, बोलायला फटकळ. मोडक्या इंग्रजीत मी त्यांना विचारलं, की ‘मला कुणी विचारलंत का’ याला तमिळमध्ये असं म्हणतात का. आणि ते तीन शब्द म्हणून दाखवले.

“नाही,” त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. “विचारण्याचा काही संबंध नाही त्यात. त्याचा अर्थ, तुम्ही सांगितलंच नाहीत.”

मी ते तीन शब्द पुन्हा म्हणून पाहिले. त्यांनी वर पाहिलं.

“कोण म्हणालं?”

“सिनेमात होतं,” मी म्हटलं, आणि पाने घेऊन शेडकडे निघालो.